गळ्यातली नळी आणि कोरडा प्राणवायू

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पहाटे पाचच्या सुमारास एक ओळखीचा तरुण दारात येऊन उभा राहिला. "डॉक्टरसाहेब, आप्पांचा ऑक्सिजन उतरतोय. मशीन दोनावरून पाचावर नेलं, तरी आकडा वर येत नाही. लवकर चला." आप्पांना दोन महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला होता. मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात बरेच दिवस काढून ते गळ्यात नळी घेऊनच घरी परतले होते. मी गेलो तेव्हा आप्पा घामाघूम झाले होते. श्वास घेताना गळ्याजवळची कातडी आत ओढली जात होती आणि नळीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ८१ हा आकडा दिसत होता.

मी मशीनला हात लावला नाही. बाहेरच्या नळीच्या आत दुसरी एक नळी असते, ती सोडवून काढली. तिच्या टोकाला वाळलेल्या कफाचा, डिंकाच्या खड्यासारखा गोळा बसला होता. श्वासाला जेमतेम काडीएवढी वाट उरली होती. सक्शन केले, आतली नळी स्वच्छ करून परत बसवली. दहा मिनिटांत आकडा ९४ वर आला आणि मशीन पुन्हा दोनावर आणता आले. मुलगा बघतच राहिला. "ही नळी निघते?" त्याने विचारले. घरी येऊन त्यांना अकरा दिवस झाले होते. अकरा दिवसांत ती नळी एकदाही निघाली नव्हती, कारण ती काढता येते हेच घरात कोणाला ठाऊक नव्हते.

चूक त्या मुलाची नव्हती. त्याने हजारो रुपये मोजून मशीन घरी आणले होते आणि रात्र रात्र वडिलांच्या उशाशी जागून काढली होती. त्याला प्राणवायू कसा द्यायचा ते सांगितले होते, पण तो ज्या वाटेने जातो ती वाट कशी मोकळी ठेवायची ते कोणी शिकवले नव्हते. आजचा लेख त्या वाटेबद्दल आहे आणि ती शिकवण्याची जबाबदारी कोणाची, याबद्दलही.

नळी कशासाठी?

कंठमण्याच्या खाली श्वासनलिकेला छिद्र पाडून त्यात नळी बसवण्याच्या शस्त्रक्रियेला ट्रॅकिओस्टॉमी म्हणतात. डोक्याला जबर मार, पक्षाघात, मानेच्या मणक्याची दुखापत, व्हेंटिलेटरवर लांबलेला मुक्काम, घशातली गाठ अशा अनेक कारणांनी ती करावी लागते. तंबाखू आणि विडीमुळे होणाऱ्या स्वरयंत्राच्या कर्करोगातही ती करण्याची वेळ येते. "गळ्याला भोक पाडले म्हणजे माणूस गेलाच" असे आपल्याकडे अजून बोलले जाते. ते खरे नाही. कित्येक रुग्णांची नळी काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी निघते, छिद्र भरून येते आणि माणूस पूर्वीसारखा बोलू-जेवू लागतो. मात्र तोपर्यंत नळी नीट सांभाळावी लागते.

नाकाचे काम कोण करणार?

आपण नाकाला वास घेण्याचे इंद्रिय समजतो. पण त्याचे मोठे काम वेगळेच आहे. माणूस दिवसाला सुमारे दहा हजार लिटर हवा आत घेतो. ती गाळणे, कोमट करणे आणि ओली करणे हे काम नाक आणि घसा मिळून करतात. फुप्फुसांशी पोहोचेपर्यंत हवा ३७ अंश सेल्सिअसची होते आणि तिच्या प्रत्येक लिटरमध्ये सुमारे ४४ मिलिग्रॅम पाण्याची वाफ असते. हा ओलावा आहे म्हणून श्वासनलिकेतला कफ पातळ राहतो आणि तिथली सूक्ष्म केसांची झालर तो वर ढकलत राहते.

गळ्यात नळी बसली की हवा नाकाला वळसा घालून थेट आत शिरते. कोरडी, थंड आणि धुळीसकट. त्यात सिलिंडरमधला प्राणवायू म्हणजे जवळजवळ संपूर्ण कोरडा वायू, आणि मशीनमधून येणाराही फारसा ओला नसतो. हा वारा रात्रंदिवस श्वासनलिकेवर फुंकला गेला की कफ उन्हात ठेवलेल्या खळीसारखा वाळतो, त्याच्या खपल्या धरतात आणि नळी बुजत जाते. मग आकडा उतरतो. घरचे घाबरून प्राणवायूचा झोत वाढवतात. झोत वाढला की कोरडेपणाही वाढतो आणि नळी आणखी लवकर बुजते. आप्पांच्या घरी त्या रात्री नेमके हेच झाले होते.

म्हणून पहिली गोष्ट मनाशी पक्की करा. नळीच्या रुग्णाला प्राणवायूइतकाच ओलावा आवश्यक आहे. आकडा उतरला तर आधी नळी पाहा, मग मशीनकडे वळा.

ओलावा कसा द्यावा?

प्राणवायूच्या मशीनला किंवा सिलिंडरला पाण्याची बाटली जोडलेली असते. वायू त्यातून बुडबुडे काढत जातो. नाकाने श्वास घेणाऱ्याला एवढे पुरते. नळीच्या रुग्णाला बहुधा पुरत नाही, कारण बाटलीतून निघालेला वायू थंड असतो आणि थंड वायूत वाफ कमी मावते. म्हणून जोडीला आणखी काही लागते. नळीच्या तोंडावर बसवायचे 'कृत्रिम नाक' मिळते. बाहेर पडणाऱ्या श्वासातला ओलावा ते धरून ठेवते आणि पुढच्या श्वासाबरोबर परत देते. ते रोज बदलावे, कफाने माखले तर त्याआधीच. कफ फार घट्ट किंवा रक्ताळलेला असेल तर ते लावू नये, कारण तेच बुजून वाट अडवते. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे साध्या सलाईनची वाफ नेब्युलायझरने गळ्यातून द्यावी. ज्यांना दिवसभर जास्त प्राणवायू लागतो, त्यांच्यासाठी पाणी तापवून वाफ देणारे यंत्र असते. रुग्णाला पाणी आणि पातळ पदार्थही पुरेसे मिळाले पाहिजेत. पोटाच्या नळीने आहार चालू असेल तर पाणी किती द्यायचे ते विचारून घ्यावे.

बाटलीत डिस्टिल्ड वॉटर वापरावे, निदान उकळून गार केलेले पाणी. कालच्या पाण्यात आजची भर घालू नये. रोज बाटली रिकामी करून, धुऊन, कोरडी करून मग भरावी. साठलेल्या पाण्यात वाढलेले जंतू प्राणवायूबरोबर थेट फुप्फुसात जातात. वाफेच्या पन्हळी नळीत पाणी साचते, तेही वरचेवर काढून टाकावे. ती नळी रुग्णाच्या गळ्यापेक्षा खालच्या पातळीवर असावी, नाहीतर कूस बदलताना साचलेले पाणी सरळ श्वासनलिकेत उतरते.

मास्क कुठे लावायचा?

प्रश्न भाबडा वाटेल, पण चूक नेहमीची आहे. रुग्ण गळ्यातून श्वास घेत असेल तर प्राणवायू गळ्यावरच द्यायचा. त्यासाठी गळ्यावर बसणारा खास मास्क मिळतो. काही नळ्यांना आत छोटा फुगा असतो. तो फुगवलेला असला की वरची वाट बंद होते आणि नाकाला लावलेला प्राणवायू फुप्फुसापर्यंत पोहोचतच नाही. कर्करोगासाठी ज्यांचे स्वरयंत्र पूर्ण काढले आहे, त्यांच्या नाकातोंडाचा फुप्फुसाशी संबंधच उरत नाही. अशा रुग्णाच्या नाकाला कितीही प्राणवायू लावला तरी तो वायाच जातो. घाईगर्दीत जाणकारांच्या हातूनही ही चूक होते. म्हणून ब्रिटनमधल्या रुग्णालयांत अशा रुग्णाच्या उशाशी एक पाटी लावण्याची पद्धत रुजली आहे. नळी कधी बसवली, नंबर किती, वरची वाट मोकळी आहे की नाही, हे तिच्यावर लिहिलेले असते. असा कागद आपल्या घरच्या भिंतीवर चिकटवायला काहीच खर्च येत नाही.

फुगा किती फुगवायचा याचेही माप आहे, २० ते ३० सेंटिमीटर पाण्याचा दाब. अंदाजाने जास्त फुगवला तर श्वासनलिकेच्या आतल्या त्वचेचा रक्तपुरवठा तुटतो, जखम होते आणि पुढे नलिका आकसते. क्वचित अन्ननलिकेत छिद्रही पडते. घरी फुग्याची गरज आहे का, हे घरी सोडण्याआधीच डॉक्टरांना विचारावे. बोलण्यासाठी नळीला झडप लावली असेल, तर ती लावण्यापूर्वी फुगा पूर्ण रिकामा केलाच पाहिजे. फुगा भरलेला असताना झडप लावली तर श्वास आत जातो, बाहेर येऊ शकत नाही आणि माणूस मिनिटांत दगावू शकतो.

कफ काढणे आणि नळी धुणे

कफ काढायला, म्हणजे सक्शन करायला, लोक घाबरतात किंवा नको तितके करतात. घड्याळ लावून करायची ही गोष्ट नव्हे. घरघर ऐकू आली, कफ दिसला, श्वास जड झाला किंवा आकडा उतरला की करावी. हात साबणाने धुवावेत. सक्शनची बारीक नळी गळ्यातल्या नळीच्या पोकळीच्या निम्म्याहून जाड नसावी. ती आत घालताना ओढ चालू ठेवू नये. गळ्यातल्या नळीच्या टोकापर्यंत, फार तर अर्धा-एक सेंटिमीटर पुढे न्यावी आणि बाहेर काढताना ओढ द्यावी. हे सगळे दहा-पंधरा सेकंदांत आटपले पाहिजे, कारण कफाबरोबर आपण रुग्णाचा प्राणवायूही ओढून घेत असतो. यंत्राच्या काट्यावर मोठ्या माणसासाठी ८० ते १२० एवढी ओढ असावी, १५० च्या पुढे कधीच नाही. खोल खुपसून जोरात ओढले की आतली त्वचा सोलते आणि रक्त येते.

आतली नळी दिवसातून दोन-तीन वेळा काढून साफ करावी, कफ जास्त असेल तर अधिक वेळा. शक्यतो दोन आतल्या नळ्या ठेवाव्यात, म्हणजे एक धुवायला घेतली की दुसरी लगेच बसवता येते. धातूची आतली नळी उकळता येते. प्लॅस्टिकची मात्र बनवणाऱ्याने सांगितले असेल तरच उकळावी. गळ्याभोवतीची फीत आणि कातडी यांच्यामध्ये एक बोट जाईल इतपत ती घट्ट असावी. फीत बदलताना दोन माणसे हवीत, एकाने नळी धरूनच ठेवायची. नळीखाली कापसाचे किंवा कात्रीने कापलेल्या गॉजचे घडे ठेवू नयेत, त्यांचे सुटे धागे श्वासाबरोबर आत जातात.

तोंडाची स्वच्छता विसरू नका. रुग्ण तोंडाने जेवत नसला तरी दात आणि जीभ दिवसातून दोनदा स्वच्छ करावी, नाहीतर तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. भरवताना आणि नंतर अर्धा-पाऊण तास रुग्णाला टेकवून बसवावे. अंघोळीचे पाणी, टाल्कम पावडर, चुलीचा धूर, डासांची अगरबत्ती आणि मळणीचा भुसा नळीपासून दूर ठेवावा.

जास्त म्हणजे चांगले नव्हे

प्राणवायू हे औषध आहे. गोळीची मात्रा आपण मनाने वाढवत नाही, तसाच प्राणवायूही वाढवू नये. २०२१ च्या कोरोना लाटेनंतर घरोघरी ऑक्सिमीटर आला आणि आकडा शंभराजवळ असावा अशी समजूत झाली. बहुतेक रुग्णांना ९४ ते ९८ पुरे असतो. वर्षानुवर्षे विडी ओढून किंवा चुलीच्या धुराने ज्यांची फुप्फुसे निकामी झाली आहेत, त्यांच्यासाठी ८८ ते ९२ हेच योग्य. त्यांना त्याहून जास्त प्राणवायू दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि रुग्ण गुंगीत जातो. आपल्या रुग्णाचा आकडा किती असावा, हे कागदावर लिहून मागा.

प्राणवायू स्वतः पेटत नाही, पण तो असलेल्या ठिकाणी ठिणगीचा भडका होतो. मशीनपासून आणि रुग्णापासून निदान दहा फुटांत विडी, शेगडी, समई, उदबत्ती काही नको. सिलिंडरच्या चावीला तेलाचा हात लावू नये. नळीभोवतीच्या त्वचेला व्हॅसलीनसारखे तेलकट मलम न लावता डॉक्टरांनी दिलेले पाण्यात विरघळणारे मलम लावावे. सिलिंडर उभा आणि साखळीने बांधलेला असावा.

वीज गेली तर मशीनही बंद आणि सक्शनही बंद. म्हणून भरलेला सिलिंडर घरात हवाच. दीड घनमीटरचा छोटा, म्हणजे 'बी' सिलिंडर मिनिटाला दोन लिटरने सुमारे बारा तास पुरतो, सात घनमीटरचा मोठा 'डी' सुमारे अठ्ठावन्न तास. सक्शनसाठी पायाने किंवा हाताने चालणारे साधन आणून ठेवावे.

उशाशी काय असावे?

एका पिशवीत त्याच नंबरची एक आणि एक नंबर लहान अशी दुसरी नळी, फीत, सिरिंज, सक्शनच्या नळ्या, सलाईन, बॅटरी आणि भिंतीवरच्या कागदाची प्रत असावी. रुग्णाला दवाखान्यात नेताना पिशवी बरोबर गेली पाहिजे. आणि एक घंटी. गळ्यातून श्वास घेणाऱ्या माणसाला हाक मारता येत नाही. रात्री नळी बुजू लागली तर त्याचा आवाज शेजारच्या खोलीतही जात नाही. देवघरातली घंटी त्याच्या हाताशी ठेवली तरी चालेल, देव रागावणार नाही. हात हलत नसेल तर कोणीतरी त्याच खोलीत झोपले पाहिजे.

श्वास अडला तर क्रम ठरलेला आहे. रुग्णाला टेकवून बसवा. नळीच्या तोंडावरचे कृत्रिम नाक, झडप, झाकण काढा. आतली नळी काढा. सक्शनची नळी आत जाते का पाहा, जात असेल तर कफ ओढा. जात नसेल तर नळी बुजली आहे किंवा जागेवरून सरकली आहे. फुगा असल्यास रिकामा करा, गळ्यावर आणि नाकातोंडावर दोन्हीकडे प्राणवायू धरा आणि १०८ ला फोन करा. नळी बदलायला शिकवले असेल तरच बदला. नळीतून ताजे लाल रक्त थोडे जरी आले, तरी "थांबेल" म्हणून वाट पाहू नका. कधी कधी तो मोठ्या रक्तवाहिनीला इजा झाल्याचा इशारा असतो.

शिकवायचे कोणी?

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते सांगतो. वर लिहिलेले वाचून कोणालाही सक्शन येणार नाही. पोहणे जसे पुस्तकातून येत नाही, तसेच हे. ते उशाशी उभे राहून, हाताने करूनच शिकावे लागते. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, घरातल्या दोन माणसांनी सक्शन करणे, आतली नळी काढून बसवणे आणि अडचणीच्या वेळचा क्रम हे सगळे नर्सबाईंसमोर स्वतःच्या हाताने अनेकदा करून दाखवल्याशिवाय अशा रुग्णाला घरी सोडूच नये. दोन माणसे अशासाठी की एक आजारी पडते, बाहेरगावी जाते किंवा थकून झोपते. घरी नेतानाच्या कागदावर नळीचा प्रकार, नंबर, बदलण्याची तारीख आणि प्राणवायूची मात्रा मराठीत लिहिलेली असावी.

यावर एक उत्तर हमखास मिळते. "खेड्यातल्या माणसांना हे जमत नाही हो." मला ते मान्य नाही. शाळेची पायरी न चढलेल्या आज्या नातवाला इन्शुलिनचे इंजेक्शन मोजून देताना मी पाहिल्या आहेत. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांच्या गळ्यात नळी बसवून रबरी पिशवी हाताने दाबत श्वास देण्याचा उपाय ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने सुरू केला. पुरेशी यंत्रे नव्हती. सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस उशाशी बसले आणि पिशवी दाबत राहिले. आधी अशा दहा रुग्णांतले आठ-नऊ दगावत असत, ते प्रमाण निम्म्याच्याही खाली आले. त्या मुलांकडे अनुभव नव्हता. त्यांना कोणीतरी नीट शिकवले होते, एवढेच.

आम्हा गावातल्या डॉक्टरांकडेही बोट दाखवले पाहिजे. एम.बी.बी.एस. करताना ही शस्त्रक्रिया मी लांबून पाहिली होती. नळी रोजच्या रोज कशी सांभाळायची, हे मला पुष्कळ वर्षांनी एका अनुभवी नर्सबाईंनी शिकवले. नळीचा रुग्ण गावात आला की "शहरातच दाखवा" म्हणून हात झटकणारे आमच्यात थोडे नाहीत. नाक-कान-घसा तज्ज्ञांना महिन्यातून एक दुपार बोलावून गावातले डॉक्टर, परिचारिका आणि घरची माणसे यांना एकत्र शिकवणे अवघड नाही. त्याला जागा, वेळ आणि दोन-चार जुन्या नळ्या लागतात. आमच्या तालुक्यातल्या डॉक्टरांपुढे मी ही सूचना ठेवणार आहे.

तोवर वाचकहो, तुमच्या घरचा असा कोणी रुग्णालयात असेल तर बिल भरण्याच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी नर्सबाईंकडे जा आणि म्हणा, "ताई, आमच्या हातून एकदा करून घ्या." लाजू नका. नाही म्हटले तर पुन्हा विचारा. जमेपर्यंत रुग्णाला हलवू नका.

आप्पांची नळी दिवाळीनंतर निघाली. तोपर्यंत त्यांची सून आतली नळी रोज सकाळ, दुपार, रात्र काढून धूत होती. तिला शिकायला दोन दिवस लागले.